जुन्या वेगवान मोटारीचे तेलपाणी

संस्कृतात ‘स्नेह’ ह्या एकाच शब्दाने तेलाचाही बोध होतो आणि मायेचाही. वैशेषिकांनी चोवीस गुणांची गणना केली तीत स्नेहाला निराळे स्थान दिले, तो केवळ जलाच्या ठायी वसतो असे ठरविले, आणि तेलाचा स्निग्धपणाही तेलातील जलांशाच्या पदरी टाकला. विद्यार्थिदशेत हे सर्व आम्ही विनातक्रार पाठ केले. परंतु हा सिद्धान्त घेऊन मोटारीच्या कारखान्यात जाणाऱ्याची धडगत नाही. तेथे तेलात पाणी आढळले की इंजिनाचे भवितव्य कठीण समजतात. ही गंमत आम्हांस आज सुचते आहे. गेल्या मार्गशीर्षात गंमत सुचण्याजोगी आमची मनःस्थिती नव्हती.

झाले ते असे. आमच्या पुतण्याचे चिरंजीव लातुरास नोकरीस असतात व आठवड्याच्या शेवटी नांदेडास घरी येतात. गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्यांनी साठविलेल्या पैशांतून एक जुनी मोटार घेतली. घरातील वडीलधाऱ्यांची अपेक्षा अशी की, नवी, लहानशी व शहाणी गाडी घ्यावी. चिरंजीवांनी आणली ती २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आर. एस. वरकरणी ती चार दारांची गृहस्थाश्रमी गाडी दिसते, पण तिच्या पोटात १७८१ घन सेंटिमीटरचे, दर नळकांड्यास पाच झडपा असलेले आणि टर्बो जोडलेले दीडशे अश्वशक्तीचे इंजिन आहे. ही गाडी आपल्याकडे २००४ साली विक्रीस आली. तिची जुळणी शेंद्र्याच्या कारखान्यात होत असे. ज्या शहराजवळ हा कारखाना २००१ साली सुरू झाला ते तेव्हा औरंगाबाद होते, २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. तेव्हा ही वेगवान मोटार आमच्या मराठवाड्याचीच लेक म्हणण्यास हरकत नाही, हा चिरंजीवांचा युक्तिवाद घरात थोडाफार उपयोगी पडला.

गाडी घेऊन चार दिवस होतात तोच तिचा तेलाचा लाल दिवा एकदा चौकात, इंजिन मंद चालत असता, क्षणभर लुकलुकला. मिस्त्रींनी पाहिले व म्हणाले, “साहेब, गाडी जुनी झाली, ऑईल पातळ पडतंय. आपल्या नांदेडचा उन्हाळा बघा. वीस-पन्नास टाका, दिवा जाईल.” चिरंजीवांनी गाडीच्या कप्प्यातील पुस्तक काढून दाखविले, त्यात निराळेच अंक होते. मिस्त्रींचे व पुस्तकाचे जमेना, तेव्हा निवाडा आमच्याकडे आला. आमच्या सासऱ्यांकडे पुष्कळ वर्षे प्रीमियर पद्मिनी होती. तीत घट्ट तेल घातलेले आम्ही पाहिले होते आणि ती गाडी शेवटपर्यंत सुखाने चालली. सबब आम्ही निकाल मिस्त्रींच्या बाजूने दिला. जन्मभर मुलांना पुस्तक उघडावयास सांगणाऱ्या मास्तराने त्या दिवशी पुस्तक मिटावयास सांगितले. तेल घातले, दिवा खरोखरच गेला, आणि आम्ही दोन महिने आपल्या निवाड्यावर खूष होतो.

मार्गशीर्षातील एका पहाटे चिरंजीव आमच्या वडील भगिनींना, अक्कांना, घेऊन लातुराहून नांदेडास निघाले. अंतर सुमारे १४० किलोमीटर. चाकूर मागे टाकून अहमदपूरकडे येत असता तो लाल दिवा पुन्हा लागला, ह्या वेळी भर वेगात आणि तीन वेळा कर्कश आवाज करून. चिरंजीवांनी गाडी तत्काळ कडेला घेतली व इंजिन बंद केले. अक्का म्हणाल्या, “अरे, एवढं अहमदपूर गाठ, मग बघू.” त्यांनी ऐकले नाही, ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. तेलाचा दाब गेलेले इंजिन काही मिनिटांत आपलेच धातू खाऊ लागते. आणि धावत्या गाडीचे इंजिन अकस्मात जखडले तर आत बसलेल्यांचे काय व्हावे ह्याचा विचारही नको वाटतो. अक्का दोन तास थंडीत शाल पांघरून बसल्या. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून नांदेडास आणली.

येथे एका तरुण कारागिराने इंजिनाखालचे तेलाचे पात्र, ज्यास कारखान्यात चेंबर म्हणतात, ते उतरविले. आत हातभर प्रकाश पाडून त्याने आम्हांस बोलाविले. तेल जेथून वर शोषले जाते त्या नळीच्या मुखाशी एक जाळी असते. ती जाळी अर्ध्याहून अधिक काळ्या, कोळशासारख्या कीटाने बुजलेली होती. आजार होता तो हा. पहिल्या वेळी दिवा लुकलुकला तो तेल पातळ पडल्याने नव्हे, तर वर चढणारे तेलच कमी पडल्याने. आम्ही घट्ट तेल घातले, त्यामुळे तापलेल्या इंजिनात दाब थोडा वाढला व दिवा विझला; पण तेच घट्ट तेल भर वेगात बुजलेल्या जाळीतून पुरेसे चढेना. ज्वर मोजण्याची नळी फोडून रोगी बरा झाल्याचा आनंद मानावा, तशातला आमचा तो आनंद.

असे कीट ह्या जातीच्या इंजिनात होते, ही गोष्ट जगाला जुनी आहे. हेच १.८ लिटर टर्बो इंजिन ज्या पासॅट गाड्यांत बसविलेले होते त्यांच्याबाबत अमेरिकेत इतक्या तक्रारी झाल्या की २००४ साली उत्पादकाने कीटाच्या दोषापुरती हमीची मुदत वाढवून आठ वर्षे केली. कारण समजून घेण्यासारखे आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे लहानसे चक्र. ते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. त्याच्या एका अंगास नऊशे अंशांच्या घरात तापलेला धूर, आणि मधल्या दांड्याला आधार काय तो तेलाच्या पातळ पदराचा. अशा जागी साधे खनिज तेल घातले, किंवा चांगले तेलही मुदतीबाहेर वापरले, अथवा भरधाव येऊन गाडी उभी करताक्षणीच इंजिन बंद केले, की दांड्याभोवती राहिलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. तो गळून खाली येतो आणि जाळीत बसतो. आमच्या गाडीच्या नोंदवहीत साठ हजार किलोमीटरनंतर एकही शिक्का नव्हता. घेताना आम्ही सर्वांनी रंग पाहिला, आसने पाहिली. ती वही उघडून पाहावी असे कोणाच्या मनात आले नाही.

आता त्या अंकांविषयी. तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-४०’, ‘२०डब्ल्यू-५०’ असे लिहिलेले असते. ही परिभाषा अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने घडविली. तिचा आरंभ १९११ सालचा. डब्ल्यू हे वजनाचे अक्षर नसून हिवाळ्याचे आहे. त्याच्या आधीचा अंक थंड असता तेल किती सहज वाहते हे सांगतो. अंक जितका लहान तितके ते चटकन वाहते. नंतरचा अंक १०० अंश सेल्सियस तापमानातील दाटपणा सांगतो. चाळीस अंकाच्या तेलाचा दाटपणा त्या तापमानात १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक ह्या मर्यादेत असावा लागतो, पन्नास अंकाच्या तेलाचा १६.३ ते २१.९ ह्या मर्यादेत.

येथे मिस्त्रींच्या उन्हाळ्याचा निकाल लागतो. नांदेडचा पारा वैशाखात बेचाळीस-त्रेचाळीसावर जातो हे खरे, पण इंजिनाच्या दृष्टीने तो थंडावाच होय. इंजिनाभोवतीचे पाणी नव्वद अंशांच्या आसपास राहील अशी व्यवस्था गाडीतच असते, आणि तेल शंभराच्या मागेपुढे काम करते, बाहेर वैशाख असो वा पौष. उत्पादकाने तेल ठरविले ते ह्या शंभर अंशांकडे पाहून. बोटांत धरून तेलाचा दाटपणा पाहणे ही आपल्याकडे सार्वत्रिक परीक्षा आहे. परंतु बोटांचे तापमान फार तर सदतीस अंश असते, तेव्हा त्या परीक्षेत तेलापेक्षा परीक्षकाचाच स्वभाव अधिक कळतो.

कोणी म्हणेल, आमच्याकडे पारा शून्याखाली कधी जातच नाही, मग हिवाळ्याच्या अंकाचे महत्त्व काय? प्रश्न वाजवी आहे. ह्या अंकाच्या परीक्षा शून्याखाली पुष्कळ उतरून घेतात हे खरे. तरी दहा-बारा अंशांच्या पहाटेही वीस-पन्नासाचे तेल पाच-चाळिसाच्या तेलाहून पुष्कळच घट्ट असते, आणि किल्ली फिरविल्यानंतर ते टर्बोपर्यंत व डोक्यावरील झडपांपर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ घेते. झीज होते ती मुख्यतः ह्याच क्षणांत. पद्मिनीला टर्बो नव्हता, तिचे फेरे बेताचे, तिच्या भागांतील फटी सैल. तिला जे मानवले ते हिला मानवेल हा आमचा तर्क म्हणजे आजोबांचे पथ्य नातवास देण्यासारखे झाले.

मात्र दोन अंक जुळले म्हणजे तेल जुळले असेही नव्हे, आणि ह्या ठिकाणी सुशिक्षितही फसतात. पाच-चाळीसची दोन तेले गुणांनी अगदी भिन्न असू शकतात. म्हणून डब्याच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचावे. तेथे एस. ने आरंभ होणारी वर्णमाला असते ती पेट्रोल इंजिनांची, एस. एन. २०१० सालची, एस. पी. २०२० सालची. सी. ने आरंभ होणारी डिझेलची. त्याखेरीज उत्पादकाची स्वतःची मान्यता असते, आणि आमच्या मते सर्वांत प्रमाण तीच. आमच्या गाडीच्या पुस्तकात ‘फोक्सवॅगन ५०२.००’ असे स्पष्ट छापले आहे. ही मान्यता पेट्रोल इंजिनासाठी आहे, आणि ती लिहिलेले पूर्ण सिंथेटिक पाच-चाळीस बाजारात सहज मिळते. ह्याच घराण्याच्या नव्या गाड्यांसाठी ‘५०८.००’ म्हणून शून्य-वीसचे अतिशय पातळ तेल निघाले आहे. नवे म्हणजे अधिक चांगले अशा समजुतीने ते जुन्या गाडीत ओतू नये. ज्या इंजिनांसाठी ते घडविले त्यांच्यातच ते चालते.

आम्ही पुढे काय केले ते सांगतो, कारण जुनी टर्बो मोटार घेणाऱ्या कोणासही ते करावे लागेल. चेंबर उतरवून धुतले, जाळीची नळी नवी घातली, तेलगाळणी नवी घातली, आणि दाबमापक लावून तापलेल्या इंजिनाचा दाब प्रत्यक्ष मोजला. तो पुस्तकातील मर्यादेत आला तेव्हा आम्ही प्रथमच निःश्वास टाकला. मग साडेचार लिटरांच्या सुमारास तेल बसले. पण लिटर मोजून थांबू नये, सपाट जमिनीवर गाडी उभी करून पट्टीवरील दोन खुणांच्या मधली पातळी पाहावी. जास्त भरणे हेही कमी भरण्याइतकेच वाईट. चेंबर न उतरविता केरोसिनने किंवा बाजारी औषधाने इंजिन ‘धुण्याची’ पद्धत आहे. तिच्या वाटेस आम्ही गेलो नाही. कीट मऊ होऊन त्याच्या खपल्या सुटतात व त्या नेमक्या जाळीशी जातात. शिवाय केरोसिनचा अंश मागे राहून नवे तेल पातळ करतो. पहिले नवे तेल आम्ही दोन हजार किलोमीटरवरच काढून टाकले, कारण ते उरलेला मळ घेऊन काळे होणारच होते. पुढे पुस्तकाची मुदत अधिक असली तरी साडेसात हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असा नेम ठेवला आहे. आता पंपावर सर्वत्र २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे आणि गावातल्या गावात जवळच्या फेऱ्या फार होतात. इंजिन पुरते तापत नाही, तेव्हा तेलात ओल व पेट्रोल साचण्यास वाव मिळतो. अशा गाडीची मुदत आणखी आखडती घ्यावी.

गिअरच्या तेलाकडे तर कोणी पाहतच नाही. ते जळत नाही, काळे पडत नाही, सबब ते आयुष्यभराचे असा समज. आमच्या गाडीत पाच गिअरांची हाताने बदलावयाची पेटी आहे. सकाळच्या पहिल्या फेरीत दुसरा गिअर घासून पडे. तीतील तेल काढले ते दोन लिटरांच्या आत भरले आणि त्याला वास गंधकाचा! पूर्वी कोणीतरी ट्रकच्या मागल्या आसाचे घट्ट तेल तीत भरले होते. गिअरच्या तेलाचे जी. एल.-४ आणि जी. एल.-५ असे दोन वर्ग आहेत. पाच हा चाराच्या वरचा, म्हणून अधिक चांगला, असे वाटते. वर्गांची चढती भाजणी आम्हा मास्तरांच्या तर रक्तातच. पण जी. एल.-५ हे आसाच्या वक्र दात्यांवर पडणारा भयंकर भार सोसण्यासाठी केलेले आहे. त्यात गंधक-फॉस्फरसाची द्रव्ये सुमारे दुप्पट असतात. ती तापली की पितळी भागांस बाधण्याचा संभव असतो. आणि दुसरी अडचण गमतीची आहे. गिअर बदलताना दोन चाकांची गती जुळविणारी पितळी कडी असतात, ती घर्षणावर काम करतात. तेल फाजील निसरडे असले की कडे पकडच घेत नाही आणि गिअर किरकिरतो. थोडक्यात, तेथे स्नेहाचा अतिरेकही चालत नाही. आम्ही सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०, जी. एल.-४ वर्गाचे भरले. आठवड्याभरात दुसरा गिअर विनातक्रार पडू लागला.

ह्याच घराण्याच्या पुढच्या वेगवान गाड्या जुन्या बाजारात येतात, त्यांची गोष्ट वेगळी. २०११ ची लॉरा आर. एस. सहा गिअरांची, हातानेच बदलावयाची होती. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आर. एस. मध्ये मात्र सहा गिअरांची आपोआप बदलणारी दुहेरी क्लचची पेटी आली. तिचे क्लच तेलातच बुडालेले असतात, म्हणून ते तेल क्लचच्या घर्षणास मानवेल असे मुद्दाम बनविलेले असते आणि गाळणीसह दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते. पाच लिटरांहून थोडे अधिक लागते. पातळी तपासावयाची तीही तेल ठरावीक तापमानावर असतानाच, म्हणून हे काम ज्याच्याजवळ तापमान वाचणारे यंत्र आहे त्याच्याकडेच द्यावे. सात गिअरांच्या पेट्या कोरड्या क्लचच्या व ओल्या क्लचच्या अशा दोन्ही प्रकारच्या आहेत, त्यांची तेले परस्परांत चालत नाहीत. म्हणून गिअर मोजून तेल ठरवू नये. मागच्या कप्प्यात सुट्या चाकाच्या खळग्यात एक कागदी चिकटपट्टी असते, तिजवर इंजिनाचा व गिअरबॉक्सचा संकेत छापलेला असतो. तो उतरवून घ्यावा व त्यावरून तेल मागावे. सुकाणूच्या तेलाचीही अशीच फसगत होते. आमच्या गाडीत ते हिरवे लागते. बाजारात प्रथम पुढे करतात ते लाल.

उत्तम तेल ठरविले तरी डब्यात तेच आहे हे कशावरून? भेसळीचा धंदा रिकाम्या डब्यांवर चालतो. अधिकृत विक्रेत्याकडून, पावती घेऊन, झाकणाची कडी शाबूत असलेला डबा घ्यावा, आणि तो रिकामा झाल्यावर खिळ्याने भोके पाडून मगच भंगारवाल्यास द्यावा. आमच्या घरी हे काम आता धाकट्या मुलांकडे असून ते ती मोठ्या हौसेने करतात. काढलेल्या काळ्या तेलाविषयी एक शब्द. वाळवीवर म्हणून ते तुळयांना चोपडण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, आणि उरलेले सर्रास गटारात जाते. नांदेडचे गटार शेवटी गोदावरीलाच मिळते. ज्या पाण्यात आपण पर्वणीला स्नान करतो त्यात हे विष आपल्या हाताने सोडू नये. २०१६ च्या नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले आहे. बंद डब्यात भरून ते कारखान्यातच, तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे जाईल असे पाहून द्यावे.

आम्ही लहान असता माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस बैलगाड्या जात, त्या प्रत्येकीच्या आसाजवळ वंगणाची नळी लोंबत असे. गाडीवान वाटेत थांबून, चाक काढून, आस पुसून नवे वंगण लावी. वाळू मिसळलेल्या जुन्या वंगणावर नवे थापणाऱ्याला इतर गाडीवान हसत. आम्ही ऑक्टाव्हियात वीस-पन्नास ओतले तेव्हा नेमके ते थापणेच केले, आणि हसणारे कोणी भेटले नाहीत.

चिरंजीवांनी आता एक वही घातली आहे. तीत तारीख, किलोमीटर, तेलाचा प्रकार आणि पट्टीवरील पातळी दर रविवारी लिहिली जाते. आमच्या आग्रहावरून शाईने. गाडी पुन्हा लातूरच्या वाटेला लागून बरेच दिवस झाले, दिवा लागलेला नाही. येत्या आठवड्यात अक्कांना आणावयाचे आहे. त्यांनी निरोप धाडला आहे की, येते, पण ह्या खेपेस पुढे बसेन, दिवा मला दिसला पाहिजे.